पडायला शिकवणारे तात्या शेलार

तात्या शेलारांची आणि माझी ओळख साडेचार वर्षांची. एवढ्या काळात मी त्यांना एकदाही पाठीवर झोपलेलं पाहिलं नव्हतं. आता कुणी म्हणेल, शेजारच्या गाळ्यातला माणूस कसा झोपतो याच्याशी तुम्हाला काय करायचंय? प्रश्न रास्त आहे. पण वागळे इस्टेटीत दुपारी दीड ते दोन या वेळात सगळेच कुठे ना कुठे कलंडतात. वॉचमन खुर्चीत, हमाल हातगाडीवर, आमच्या ऑफिसातले अकाउंटंट टेबलावर डोकं टेकून. तात्याही त्यांच्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यात एका फळीवर झोपायचे. पण कायम डाव्या कुशीवर. भूकंप झाला असता तरी ते उताणे झाले नसते, याची मला खात्री होती.

मी त्या गाळ्याला लागून असलेल्या एका रंगाच्या कंपनीत डिस्पॅचला आहे. राहायला डोंबिवलीत. नोकरी पोटासाठी आणि सूत्रसंचालन हौसेसाठी. निवृत्तीचे समारंभ, सोसायटीचे वर्धापनदिन, शोकसभा, जे मिळेल ते करतो. तात्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. 'सावंतसाहेब' म्हणायचे, आणि माझ्या आवाजाचं कौतुक करताना हमखास म्हणायचे, "गळा झ्याक हाय तुमचा. लाऊडस्पीकर नसंल तरी चालंल." हे कौतुक आहे की टोमणा, ते मी आजवर ठरवलेलं नाही.

बासष्ट वर्षांचे होते. खटाव तालुक्यातल्या गावचे, पण चाळीसहून जास्त वर्षं किसननगरच्या चाळीत काढलेली. उंची बेताची, मान जवळजवळ नाहीच, डोकं थेट खांद्यांवर बसवलेलं. दोन्ही कान मोडून कणकेच्या गोळ्यासारखे झालेले. गाळ्यात नवा आलेला हेल्पर त्या कानांकडे बघत राहिला की तात्या म्हणायचे, "बघतुयास काय? हे तालमीतलं सर्टिफिकेट हाय." तरुणपणी ते गावोगावच्या जत्रांत कुस्त्या मारायचे. एकूण किती मारल्या ते त्यांनी मोजलं नव्हतं. हरलेल्या मात्र मोजलेल्या होत्या. एकही नाही. त्यांच्या पाठीला कधी माती लागली नव्हती.

त्यांचं एक पेटंट वाक्य होतं. "आधी वजन द्या, मग बोला." गेट असो, जिना असो, दुकानाचं शटर असो, काम झालं की तात्या स्वतः त्यावर चढत, लोंबकळत, दोनदा हिसका देत आणि मगच पैशाचं बोलणं करत. माझ्या डोंबिवलीच्या घराला खिडकीची ग्रिल त्यांनीच बसवली. तिसरा मजला. बसवून झाल्यावर मी चहा सांगायला आत गेलो आणि बाहेर येऊन बघतो तर तात्या खिडकीच्या बाहेरच्या अंगाला ग्रिल धरून लटकलेले. खाली सोसायटीचे सेक्रेटरी, दोन भाजीवाल्या आणि शाळेतून येणारी पोरं मान वर करून उभी. माझी बायको रडायच्या बेतात. तात्या बाहेरून शांतपणे म्हणाले, "वहिनी, साखर कमी घाला." ती ग्रिल अजून तिळभर हललेली नाही.

असा माणूस, पण उताणं व्हायचं म्हटलं की अडून बसायचा. एकदा इस्टेटीतल्या कारखानदारांनी योगाचा कार्यक्रम ठेवला. सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडे. सगळं नीट चाललं आणि शेवटी शवासन आलं. दीडशे माणसं पटांगणात मेल्यासारखी पडली, आणि मधोमध तात्या एकटेच मांडी घालून ताठ बसलेले. योगशिक्षिका बाई हळूच जवळ गेल्या. म्हणाल्या, "काका, पाठीवर झोपा, खूप बरं वाटेल." तात्या हात जोडून म्हणाले, "बाई, मला बसूनच बरं वाटतंय."

तिथपर्यंत हसण्यावारी नेलं. पण दोन वर्षांपूर्वी त्यांना जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी ईसीजी काढायला सांगितला. मी बरोबर गेलो होतो. टेक्निशियन पोरगी म्हणाली, शर्ट काढा आणि पाठीवर झोपा. तात्यांनी शर्ट काढला आणि स्टुलावर बसले. "बसून काढ." ती म्हणाली, बसून नाही काढत. "मग कुशीवर काढ." पंधरा मिनिटं हुज्जत. शेवटी शर्ट घालून बाहेर आले आणि रस्त्यावर येऊन मलाच म्हणाले, "मशीनच चांगली न्हाई त्यांची." मला त्या दिवशी खरोखर राग आला. मी त्यांना म्हटलं, "तात्या, ही कुस्ती नाही. तिथे कुणी तुम्हाला चीत करायला बसलेलं नाही." तीन हात नाक्यापर्यंत ते माझ्या चार पावलं पुढे चालत राहिले.

आणि हाच माणूस रोज संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी दुपारी पोरांना पाठीवर पडायला शिकवायचा.

ते असं झालं. नितेश नावाचा कल्याणचा एक जिम ट्रेनर आठ-दहा पोरं घेऊन गाळ्यात आला. त्यांना टीव्हीवर दाखवतात तसली रेसलिंग करायची होती. चौकोनी रिंग, दोऱ्या, रंगीत कपडे, आरडाओरडा. रिंग विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून बनवून हवी होती. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोण जिंकणार ते आधीच ठरल्यालं असतंय?" नितेश म्हणाला, "हो काका, शो असतो तो." तात्या मोठ्याने हसले. पण रिंग बनवली. अँगलचा सांगाडा, खाली जुन्या टेम्पोच्या स्प्रिंगा, वर प्लाय, फोम आणि ताडपत्री. दोऱ्या म्हणजे बागेच्या पाइपात घातलेली तार. सवयीप्रमाणे स्वतः वर चढून नाचले, "आता बोला" म्हणाले, आणि पोरांनी आनंदाच्या भरात तिथल्या तिथे एकमेकांना आपटायला सुरुवात केली. तिसरा पोरगा मानेवर पडला. फार लागलं नाही, पण तात्यांचं हसू गेलं.

"कुणी शिकवलं तुम्हाला हे?"

"मोबाइलवर बघितलं," नितेश म्हणाला.

"मोबाइल येणार हाय का तुमची मोडल्याली मान बसवायला?"

त्या दिवसापासून रिंग गाळ्यातच राहिली आणि तात्या वस्ताद झाले. त्यांनी आयुष्यभर पाठ वाचवायच्या युक्त्या शिकलेल्या. त्याच उलट्या करून पडण्याचा अभ्यासक्रम तयार केला. हनुवटी छातीला. श्वास आधी सोडायचा, मग पडायचं. दोन्ही हात पसरून ताडपत्रीवर एकदम मारायचे, म्हणजे सगळं वजन एका जागी येत नाही. आणि सगळ्यात मोठा नियम दुसऱ्यासाठी: "ज्याला पाडतोयस त्याची मान तुझी. स्वतःची मोडली तर मोडू दे, त्याची न्हाई मोडायची." हे सगळं ते तोंडाने सांगायचे आणि वाळूचं पोतं फेकून दाखवायचे. स्वतः कधी पडून दाखवलं नाही. पोरांनी एकदोनदा आग्रह केला, तर पोतं उचलून म्हणाले, "हे माझ्यापेक्षा चांगलं पडतंय."

गंमत म्हणजे त्यांना बघावंही लागायचं नाही. बाहेर ओट्यावर माझ्याशी गप्पा मारत बसलेले असायचे आणि आतून आवाज आला की डोळे मिटून ओरडायचे, "कोपर!" "मान!" "श्वास कोंडलास!" नीट पडलं की एकच स्वच्छ आवाज येतो, फाट् असा. चुकलं की दोन येतात. मला वर्षभर ऐकूनसुद्धा फरक कळला नाही. तात्यांना तो पाठमोरा कळायचा.

प्रज्ञा गायकवाड आली तेव्हा तिचे पडण्याचे चार आवाज यायचे. आंबिवलीची मुलगी, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, सकाळी कुरिअरच्या ऑफिसात काम करून यायची. बोलायला फटाकडी. "टेन्शन नका घेऊ तात्या, होऊन जाईल." होत नव्हतं. जमीन जवळ आली की ती अंग आखडायची. तात्यांनी दोन महिने तिला दुसरं काही शिकवलं नाही. मग एका संध्याकाळी आमचं राजकारणावर काहीतरी चाललेलं असताना आतून फाट् असा आवाज आला आणि तात्या बोलता बोलता थांबले. म्हणाले, "पोरगी पडली." एखाद्याच्या घरी पेढे यावेत तसा चेहरा झाला होता. पुढे त्यांनी तिला ढाक शिकवली. समोरच्याचा दंड बगलेत धरून त्याला कमरेवरून फेकण्याचा हा डाव म्हणजे तात्यांची खासियत. तो त्यांनी दुसऱ्या कुणालाही दिला नाही.

प्रज्ञाचे वडील महापालिकेच्या बसवर ड्रायव्हर. शिकलेल्या पोरीने कपडे चमकवून मारामारी करावी हे त्यांना पटत नव्हतं, पण त्यांनी आदळआपट केली नाही. तिला एवढंच म्हणाले, "एकदा येऊन बघतो. तू मार खायला जातेस की काही शिकायला जातेस, ते मला दिसू दे. नाही दिसलं तर बंद." नितेशने आंबिवलीला पहिला मोठा कार्यक्रम ठरवला. वडिलांनी त्या दिवसाची ड्यूटी बदलून घेतली. प्रज्ञाची पहिली जाहीर लढत नाशिकच्या एका मुलीशी होती. त्या एका संध्याकाळवर तिचं पुढचं सगळं टांगलेलं होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

त्याच आठवड्यात मी तात्यांना सहज विचारलं, "तात्या, एकही कुस्ती न हरता तुम्ही सोडून कशी दिलीत?" डबा खाऊन झाला होता. त्यांनी भाकरीच्या फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"सावंतसाहेब, पंचक्रोशीत एक गडी हुता. माझ्यापेक्षा चांगला. मला ठाऊक हुतं, त्यालाबी ठाऊक हुतं. जत्रेत आमची जोड लागली. आदल्या दिशी मी यस्टी धरली आन् ठाण्याला मामाकडं आलो. मैदानात माझं नाव तीनदा पुकारलं म्हणं." फडकं डब्यावर ठेवून म्हणाले, "मी तवा हितं एका कारखान्यात झाडू मारत हुतो. हारलो न्हाई, ते खरंच हाय. गेलोच न्हाई तर हारणार कसा?"

ईसीजीच्या दिवशी त्यांच्यावर चिडल्याचं मला वाईट वाटलं. त्यांच्याजवळ तेवढी एकच गोष्ट होती, आणि ती किती पोकळ आहे हे त्यांनाच सगळ्यात जास्त माहीत होतं.

आता त्या संध्याकाळकडे येतो, आणि आधी माझा गुन्हा कबूल करतो. कार्यक्रमाचं पत्रक मी लिहिलं होतं. नितेशने दिलेल्या मजकुरात 'प्रोफेशनल रेसलिंग शो' असे शब्द होते. माझ्यातला मराठीप्रेमी जागा झाला. मी लिहिलं: 'आंबिवली येथे जंगी कुस्त्यांचे मैदान! नामांकित मल्लांच्या चुरशीच्या निकाली लढती! कुस्तीशौकिनांनी अगत्य यावे.' वाचून माझीच छाती फुगली. नितेशने वाचलं की नाही देव जाणे.

कुस्तीशौकीन आले. लग्नाचा पत्र्याचा हॉल होता. संध्याकाळी सहाला अर्ध्या खुर्च्या कॉलेजच्या पोरांनी भरल्या आणि उरलेल्या अर्ध्या आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्यांनी. टोप्या, उपरणी, हातात काठ्या. एक जण हलगी घेऊन आलेला. पहिल्या रांगेत पांढऱ्या मिशांचे एक बाबा बसले होते, त्यांनी मला बोलावून विचारलं, "माती कवा टाकताव?" मी खिशातलं पत्रक काढून पुन्हा वाचलं.

पहिली लढत चंदेरी चड्डीतल्या दोन पोरांची झाली. एकाने दुसऱ्याला खुर्ची मारल्यासारखी केली, दुसरा मेल्यासारखा पडला, कॉलेजची पोरं खुर्च्यांवर चढून नाचली. म्हातारे गप्प. दुसऱ्या लढतीत मिशीवाले बाबा काठी टेकत उठले. "ओ माइकवालं! आमी कुस्ती बघाला आयलो, नाटक नाय. निकाली लिवलाय ना तुमी? मंग निकाल कनचा?" मागून टाळ्या पडल्या. हलगीवाल्याने उगाचच एक थाप मारली. मी माइकवर काहीतरी विनोद केला, त्याला कुणी हसलं नाही. सूत्रसंचालनाच्या अठरा वर्षांत माझ्या शोकसभासुद्धा यापेक्षा चांगल्या झाल्या होत्या.

त्यातच नितेश घामाघूम होऊन आला. नाशिकची मुलगी कसारा घाटात अडकली होती. पुढे मालगाडी बंद पडलेली, निदान दोन तास तरी गाडी हलत नव्हती.

पडद्यामागे प्रज्ञा तयार होऊन उभी होती. निळा पोशाख, केस घट्ट बांधलेले. फटाकडी पोरगी पहिल्यांदाच गप्प होती. नितेश म्हणाला, एखाद्या पोराला उतरवतो तिच्यासमोर. ती म्हणाली, "नको सर. तो मुद्दाम पडणार, आणि ते म्हातारे हसणार. पप्पा बसलेत तिथे." नितेश म्हणाला, मग आज राहू दे, पुढच्या वेळी बघू. "पुढची वेळ नाहीये मला," एवढंच बोलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

तात्या एका कोपऱ्यात रिंगचे जादा नटबोल्ट घेऊन बसले होते. ते उठले आणि सरळ बाहेर प्रेक्षकांत गेले. मी मागे मागे. गायकवाड चौथ्या रांगेत कडेला बसले होते, सकाळच्या ड्यूटीवरून थेट आलेले, ड्रायव्हरच्या खाकी गणवेशातच. तात्या त्यांच्यासमोर वाकून उभे राहिले.

"गायकवाडसाहेब, जय भीम. मी शेलार. तुमच्या पोरीसमोर मी उतरलो तर चालंल का?"

गायकवाडांनी त्यांना खालून वर पाहिलं. "तुमचं वय काय हो?"

"बासष्ट."

"मग तिला सांगा, जपून," गायकवाड म्हणाले.

मी तात्यांचा दंड धरला. "तात्या, तुमचा तो ईसीजी अजून काढलेला नाही. धाप लागते तुम्हाला."

"पाच मिनिटं. तिचं डाव लोकांना दिसू द्या. मी उभाच ऱ्हाणार, तुम्ही बरोबरीत सोडवा." मग शर्टाची बटणं काढता काढता म्हणाले, "तिचं नाव पुकारा. मागनं माझंबी पुकारा. एकदाच पुकारा. मी हितंच हाय."

मी माइक हातात घेतला. एवढ्या सभा गाजवल्या, पण ते नाव घेताना माझा आवाज फाटला. "खटावचे... मल्ल... मारुती शेलार!"

बनियन आणि खाकी पँट, एवढाच त्यांचा पोशाख. दोरीखालून वाकून आत आले, ताडपत्रीला हात लावून कपाळाला लावला आणि शड्डू ठोकला. तो मांडीवरचा आवाज अख्ख्या हॉलमध्ये घुमला. मिशीवाले बाबा खुर्चीत पुढे सरकले. त्यांना ते कान दिसले होते.

"ए, गप बसा रं," ते मागच्या पोरांना म्हणाले. "यो खरा हाय."

पहिली दोन मिनिटं तात्यांनी तिला हलू दिलं नाही. नुसते हात अडकवून फिरवत होते आणि तोंडाने हळू आवाजात शिकवत होते. मी रिंगला चिकटून उभा असल्यामुळे मला ऐकू येत होतं. "पाय जवळ नगं. मान वर. घाई नगं पोरी." ती आत घुसली, त्यांनी काढून टाकली. पुन्हा घुसली, पुन्हा काढली. कुणीही मुद्दाम काही करत नव्हतं हे माझ्यासारख्या अडाण्यालाही कळत होतं. हलगी आपोआप सुरू झाली. कॉलेजची पोरं प्रज्ञाच्या नावाने ओरडत होती आणि म्हातारे डावांची नावं घेऊन. तात्यांची छाती मात्र भात्यासारखी चालायला लागली होती. मी घड्याळ बघत होतो. पाच मिनिटं झाली की उडी मारून सोडवायचं, असं मनाशी घोकत होतो.

साडेचार मिनिटं झाली असतील. प्रज्ञाने त्यांचा उजवा दंड बगलेत घेतला. ढाक. ज्याने डाव शिकवला त्यालाच तो लावायला निघाली होती. तात्यांना त्यातून सुटायच्या वाटा ठाऊक असणारच, आयुष्यभर दुसरं काय केलं होतं त्यांनी? कुशीवर वळता आलं असतं, गुडघ्यावर बसता आलं असतं. तिने कंबर आत घातली, पाय मारला, आणि तात्या शेलार हवेत गेले.

फाट्.

एकच आवाज. इतका स्वच्छ की मलासुद्धा कळला.

ते ताडपत्रीवर उताणे पडले होते. दोन्ही हात पसरलेले, हनुवटी छातीला. आणि त्यांच्या मानेखाली प्रज्ञाचा पंजा होता. फेकता फेकता तिने तो तिथे सरकवला होता. पंचाने तीन मोजायला हात उचलला, पण मोजायची गरजच पडली नाही. मिशीवाले बाबा काठी वर करून ओरडले, "लागली! पाठ लागली!" आणि सगळे म्हातारे उभे राहिले. माझ्या पत्रकातला 'निकाली' हा शब्द तेवढा खरा ठरला.

मला मात्र कसलं भान नव्हतं. तात्या उठत नव्हते. मी दोरीखालून आत घुसलो, प्रज्ञा त्यांच्याजवळ गुडघे टेकून बसलेली, तोंड पांढरंफटक. "तात्या! तात्या, लागलं का?"

तात्या वर छताकडे टक लावून बघत होते.

"सावंतसाहेब," ते म्हणाले, "तो तिसरा पंखा बघा. त्याचा क्लॅम्प ढिला हाय. पडंल कुणाच्या तरी डोस्क्यात."

प्रज्ञा हसता हसता रडायला लागली. मलाही रडू आलं, लपवत नाही. माइक चालू होता हे मला नंतर कळलं.

गायकवाड रिंगपाशी आले. पोरीशी एक शब्द बोलले नाहीत. दोरीला टेकून बसलेल्या तात्यांना विचारलं, "खरंच लागलं नाही ना?"

"न्हाई. लई जपून पाडलं तुमच्या पोरीनं."

"बघितला मी," गायकवाड म्हणाले. "मानेखालचा हात." जरा वेळ खाकी टोपी हातात फिरवत उभे राहिले. मग प्रज्ञाकडे वळून म्हणाले, "रविवारी दुपारी क्लास किती वाजता असतो तुझा? त्या दिवशी सकाळची ड्यूटी घेईन. मग सोडायला येतो."

परतताना टेम्पोत मी तात्यांना विचारलंच. बरोबरीत सोडवायचं ठरलं होतं ना? मग सुटला का नाहीत? त्यांनी मला थोडं कीव आल्यासारखं पाहिलं. "डाव बरोबर लागला हुता. बरोबर लागल्याल्या डावाला पडायचं असतंय. न्हाई तर शिकवायचं कशाला?" आणि जरा पुढे गेल्यावर, स्वतःशीच बोलल्यासारखं, "वाटत हुतं तेवढं काय नसतंय वो पडण्यात."

पुढच्याच आठवड्यात आम्ही पुन्हा त्या लॅबमध्ये गेलो. तीच टेक्निशियन होती, तात्यांना बघून तिने तोंड वाकडं केलं. तात्या शर्ट काढून निमूट उताणे झाले. रिपोर्ट फार वाईट नव्हता. गोळ्या लागल्या, जिने जपून चढायला सांगितलं.

तीन-चार महिन्यांनी त्यांनी काम सोडलं. मुलाने गावाकडे घर वाढवलं होतं, शेलारवहिनी आधीच तिकडे गेल्या होत्या. जायच्या दिवशी दुपारी मी निरोप घ्यायला गाळ्यात गेलो. रविवार होता. दारातच प्रज्ञाने ओठांवर बोट ठेवलं. नव्या आलेल्या पाच-सहा मुली रिंगच्या बाहेर, फरशीवर गाद्या टाकून पडण्याचा सराव करत होत्या. एक पडली की प्रज्ञा डोळे मिटून म्हणायची, "कोपर." दुसरी पडली, "श्वास." धडाधड आवाज चालले होते.

"रिंग रिकामी असून बाहेर का करता?" मी कुजबुजत विचारलं.

"रिकामी कुठेय? तात्या झोपलेत ना."

मी दोरीवरून आत डोकावलो. रिंगच्या मधोमध तात्या पाठीवर पसरले होते. शेजारी गावाला न्यायची पिशवी. एवढ्या धडधडाटात गाढ घोरत होते. दोन्ही हात बाजूला मोकळे, तळवे वर.

हनुवटी मात्र छातीला टेकलेली होती.